जुन्या पिकअपसाठी गिअर नॉब: बाभळीचं लाकूड, पितळी बुश आणि मापाचे आटे

आमची पिकअप २००३ ची. हंगामात गुऱ्हाळावरून गुळाचे रवे भरायचे आणि कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात उतरायचे, एरवी खत, पाइप, कधी कोकणातून चिरा. इंजिन दोनदा उघडलं, क्लच प्लेटा कैक बदलल्या, पण गिअरच्या दांड्यावरचा काळा नॉब कंपनीतून आला तोच होता. त्यावरचा गिअरचा नकाशा केव्हाच पुसला गेला होता. प्लास्टिकला तडा गेला होता आणि गुळाच्या चिकट हाताचा मळ त्या तड्यात बसून दगडासारखा झाला होता. शेवटी आतले आटे गेले आणि नॉब दांड्यावर नुसता गोल फिरायला लागला.

तयार नॉब बाजारात मिळतात, पण बहुतेक कारसाठी केलेले असतात. आत प्लास्टिकची पुंगळी आणि बाजूनं तीन ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचे बारीक स्क्रू. पिकअपचा दांडा लांब, डिझेलची थरथर सतत, रस्ते आपल्याला माहीत आहेतच. ते स्क्रू टिकत नाहीत. म्हणून मी स्वतःच लाकडाचा नॉब केला. तो पहिला नॉब म्हणजे गोल केलेल्या लाकडात चिकटवलेला एक साधा नट होता. करूळ घाटात, मागे चिरा भरलेला, चढाला तिसऱ्यातून दुसरा टाकताना नॉब हातात आला. गाडी न्यूट्रलमध्ये, दांडा उघडा. मागे कोणी नव्हतं, ब्रेक दाबून कडेला घेतली म्हणून निभावलं. नट लाकडातून अलगद सुटला होता. चिकटवण्यापूर्वी त्याचं तेल पुसलं नव्हतं, आणि त्याच्या अंगाला धरून ठेवणारी एकही खाच नव्हती.

त्या दिवशी मला पटलं की खरा नॉब म्हणजे आतला आट्याचा तुकडा, म्हणजेच बुश. लाकूड हा त्याच्यावरचा अंगरखा. खाली सांगतोय ती पद्धत दुसऱ्या नॉबची. तो तीन पावसाळे झाले, जागचा हललेला नाही.

जुना नॉब काढताना

गाडी सपाट जागी, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला आणि चाकाला दगड. दांडा न्यूट्रलमध्ये. आधी नॉबच्या बुडाशी बोट फिरवून बघा, चेकनट (नॉब ढिला होऊ नये म्हणून त्याच्या बुडाशी आवळलेला नट) किंवा बारीक ग्रब स्क्रू आहे का. चेकनट असेल तर पान्यानं तो खाली उतरवा, मग नॉब घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवा. फिरत नसेल तर गरम पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं पाच मिनिटं गुंडाळून ठेवा. ज्योत लावायची नाही. खाली रबरी बूट असतो, गालिचा असतो, तेलकट मळ असतो.

वर ओढून किंवा खालून हातोडीनं ठोकून काढायचा मोह टाळा. बऱ्याच गाड्यांत दांड्याच्या मुळाशी प्लास्टिकची वाटी असते. ती फुटली की दांडा डगडगतो आणि काम नॉबवरून गिअरबॉक्सवर जातं. आमच्यासारखा नॉब नुसताच फिरत असेल तर हॅक्सॉनं उभी चीर द्या, आटे दिसायच्या आधी थांबा आणि चिरेत स्क्रूड्रायव्हर घालून फोडा. तुकडे टाकू नका. नकाशा थोडा जरी दिसत असला तरी पुढे कामाला येतो.

काही गाड्यांत रिव्हर्ससाठी नॉबखाली बोटांनी उचलायची रिंग असते. तशी असेल तर ती किती उचलली जाते ते आत्ताच मोजून लिहून ठेवा. नवा नॉब तेवढी जागा सोडूनच बसला पाहिजे.

आटे मोजणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. टाटा २०७ असो, महिंद्राची युटिलिटी असो की जुनी बोलेरो पिकअप, मॉडेलच्या नावावरून आटे ठरवू नका. वीस वर्षांत कोणीतरी दांडा बदललेला असतो, कोणीतरी डाय (दांड्यावर बाहेरून आटे पाडायचं हत्यार) फिरवलेली असते. आपल्या समोरचा दांडा मोजायचा.

वायर ब्रश आणि थोडं डिझेल घेऊन आटे स्वच्छ करा. व्हर्नियरनं बाहेरचा व्यास घ्या. १० मि.मी.चा आटा मोजला की ९.८ ते ९.९ भरतो, बरोबर १० क्वचितच. मग पिच, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर. थ्रेड गेज असेल तर उत्तम. नसेल तर स्टीलची पट्टी लावून पहिल्या आट्याच्या शेंड्यापासून अकराव्या शेंड्यापर्यंतचं अंतर मोजा आणि दहानं भागा. १५ मि.मी. भरले तर पिच दीड, साडेबारा भरले तर सव्वा.

एक फसवी जागा आहे. महिंद्राची मुळं विलीस जीपमध्ये आहेत, आणि जीपच्या घराण्यातल्या जुन्या गाड्यांवर इंची आटे निघू शकतात. तीन अष्टमांश इंच, इंचाला सोळा आट्यांचा दांडा आणि १० मि.मी., दीड पिचचा दांडा नजरेला सारखेच दिसतात. पण इंची दांडा व्यासाला साडेनऊच्या आसपास भरतो आणि त्याचे दहा आटे १५ ऐवजी जवळजवळ १६ मि.मी. घेतात. १० चा नट त्या इंची दांड्यावर चढतो सुद्धा, म्हणूनच माणूस फसतो. दोन बोटांत धरून हलवला की मात्र तो लटपटतो. त्या नटाच्या मापाचा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) मारला तर नॉब पहिल्या दिवसापासून ढिला.

उद्यमनगरात ज्यांच्या लेथवर माझं काम झालं ते मामा मला म्हणाले, "लेका, नमुना आण. बोलून आटा पडत न्हाई." दांडा काही काढून नेता येत नाही. मग हार्डवेअरच्या दुकानातून दोन-तीन नट आणायचे, जो दांड्यावर हातानं शेवटपर्यंत जातो आणि लटपटत नाही तो खिशात टाकायचा. तोच नट ज्या टॅपवर तसाच सहज फिरेल तो आपला टॅप. टॅपवरचे आकडे वाचण्यापेक्षा ही खूण पक्की.

दांड्यावर आटे किती लांबीचे आहेत तेही मोजा. माझ्याकडे २६ मि.मी. भरले. त्यातले चेकनटला आठ गेले तरी नॉबच्या आत अठरा उरतात. १० च्या दांड्याला निदान पंधरा तरी आत जायला हवेत. आटे थोडे मार खाल्लेले असतील तर त्याच मापाची डाय तेल घालून हातानं फिरवून घ्या. पण दांडा कापणं, त्यावर वेल्डिंग करणं, दुसऱ्या मापाचे आटे पाडणं यातलं काही करू नका. नॉब चुकला तर दुसरा होतो.

आकार आधी शाडूत

चित्र काढून आकार ठरत नाही, हातात घेऊनच ठरतो. शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीतून मूठभर शाडू आणला, दांड्यावर जुना नट चढवून त्याभोवती थापला आणि गाडीत बसून सगळे गिअर टाकून बघितले. इंजिन बंद, क्लच दाबलेला. पहिला, तिसरा, पाचवा पुढे ढकलताना तळहाताचा खळगा नॉबच्या माथ्यावर येतो. दुसरा, चौथा मागे ओढताना दोन बोटं खालून अडकतात. शुद्ध गोळा ढकलायला छान, पण ओढताना बोटं घसरतात. म्हणून माथा रुंद आणि मान बारीक, पेरू उलटा धरल्यासारखा आकार मला सोयीचा पडला: माथ्याला ४८ मि.मी., मानेला ३०, उंची ६०. तुमचा पंजा मोठा असेल तर माथा ५२ पर्यंत न्या. शाडूवर बोटांचे ठसे जिथे खोल उठतात तिथे लाकूड कमी करायचं. तो नमुना वाळवून लेथवाल्यांकडे न्यावा, वहीतल्या रेघांपेक्षा त्यांना तोच जास्त कळतो.

पूर्ण पितळ का नको

कोल्हापूर फाउंड्रीचं गाव. शिरोली, गोकुळ शिरगावला ओळख असेल तर पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा भरीव गोळा ओतून घेणं अवघड नाही, आणि पहिल्यांदा सगळ्यांच्या मनात तेच येतं. जरा हिशोब करा. ५० मि.मी. व्यासाचा भरीव गोळा पितळेचा केला तर साडेपाचशे ग्रॅम होतो, ॲल्युमिनियमचा पावणेदोनशे, बाभळीचा पन्नासच्या आसपास. वजनदार नॉबनं गिअर पडताना हाताला मऊ लागतो हे खरं. पण पिकअपच्या लांब दांड्याच्या टोकावर अर्धा किलो म्हणजे प्रत्येक खड्ड्यात तेवढा झोला. गिअरबॉक्समधल्या गिअर जागी धरणाऱ्या गोळ्या-स्प्रिंगा झिजलेल्या असतील तर तो झोला गिअर सोडवायलाही पुरतो. शिवाय चैत्र-वैशाखात बंद केबिनमध्ये उन्हात तापलेल्या पितळेला हात लावून बघा.

म्हणून आत पितळ, बाहेर लाकूड. माझा पूर्ण नॉब १३० ग्रॅमच्या आसपास भरला. त्यातले ऐंशी एकट्या बुशचे आहेत आणि ते सगळं वजन दांड्याच्या सरळ रेषेत खाली बसतं.

बुश

२८ मि.मी.चा पितळी रॉड घ्या, पस्तीस-चाळीस मि.मी. तुकडा पुरतो. उद्यमनगरात रॉड कापून वजनावर मिळतो. लेथवर ३० मि.मी. लांबी २० व्यासाला उतरवायची आणि बुडाला ३ मि.मी. जाडीची, पूर्ण २८ ची कड सोडायची. ही कड लाकडाच्या बुडाला टेकते आणि चेकनट तिच्यावर आवळला जातो. लाकडावर नट आवळला तर लाकूड दबतं, आणि महिनाभरात सगळं ढिलं.

बुशच्या अंगावर नर्लिंग (जाळीदार खरखरीत खाचा) करून घ्या, त्यावर दीड मि.मी. खोलीच्या दोन गोल खाचा, आणि हॅक्सॉनं लांबीला एक उथळ चीर. नर्लिंगमुळे बुश लाकडात फिरत नाही, गोल खाचांमुळे लाकूड त्याच्यावरून ओढून निघत नाही, आणि चिरेतून बसवताना कोंडलेली हवा व जादा अरल्डाइट (दोन ट्यूब मिसळून लावायचा चिकटवणारा पदार्थ) बाहेर येतं. माझ्या पहिल्या नटाला यातलं काहीच नव्हतं.

आता भोक. १० मि.मी., दीड पिच असेल तर ८.५ चं ड्रिल. १० आणि सव्वा पिच असेल तर ८.८, १२ आणि पावणेदोन असेल तर १०.२, ८ आणि सव्वा असेल तर ६.८. इंची तीन अष्टमांश, सोळा आट्यांसाठी ८ चालतं. भोक आरपार पाडू नका. २८ मि.मी. खोल जाऊन थांबा, म्हणजे वरचं तोंड बंद राहतं आणि चिकटवताना अरल्डाइट आट्यांत उतरत नाही. पितळेत ड्रिल एकदम खेचून घेतं. त्यासाठी अनुभवी मिस्त्री ड्रिलची कापणारी धार ऑइलस्टोनवर किंचित बोथट करून घेतात. घरी ड्रिल मशीनवर करणार असाल तर हे विसरू नका आणि तुकडा व्हाइसमध्येच धरा, हातात कधीच नाही.

भोक बंद असल्यामुळे टॅपचा तीनचा पूर्ण सेट लागतो. पहिला, दुसरा आणि शेवटी बुडापर्यंत जाणारा तिसरा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, मधूनच उलटा करून कीस झटकायचा. झाल्यावर लगेच गाडीवर जाऊन दांड्यावर फिरवून बघा. लाकडात गेल्यावर चूक सुधारता येत नाही.

लाकूड

शिसव चालतं, चिंचेचा गाभा चालतो, साग थोडा मऊ पण चालतो. मी बाभूळ घेतली. आपल्याकडे नांगर आणि बैलगाडीची चाकं बाभळीची करायचे ते तिच्या चिवटपणामुळे. गोठ्यामागे पडलेल्या मोडक्या चाकाचा एक आरा काढला, सव्वादोन इंच जाडीचा, कित्येक वर्षं वाळलेला. आधी तुंब्याचा, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्याचा तुकडा घ्यायचा विचार होता, पण तुंबा पिढ्यान्पिढ्या वंगण प्यालेला असतो. त्याला अरल्डाइट धरत नाही आणि पॉलिशही नाही. असं जुनं लाकूड घेतलंत तर त्यावरून आधी लोहचुंबक फिरवा. आत मोडलेला खिळा असेल तर लेथचं टूल जाईल आणि तुकडा अंगावर येईल.

ओलं किंवा नुकतं कापलेलं लाकूड मिळालं तर घाई नको. हव्या त्या मापापेक्षा मोठा ठोकळा कापा, दोन्ही डोक्यांना मेण किंवा फेव्हिकॉल फासा, सावलीत ठेवा आणि दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून लिहा. लागोपाठ तीन वजनं सारखी आली की वाळलं समजा. पावसाळ्यात हे काम करू नये. आषाढात वाळल्यासारखं वाटणारं लाकूड मार्चच्या उन्हात केबिनमध्ये तडकतं.

शिरा दांड्याच्या दिशेनं उभ्या आल्या पाहिजेत. आडव्या शिरांचा नॉब मानेपाशी तुटतो.

आधी भोक, मग बुश, शेवटी आकार

बहुतेक जण उलटं करतात. सुंदर गोळा तासतात आणि शेवटी त्यात भोक पाडायला जातात. भोक जरासं तिरकं गेलं की नॉब दांड्यावर मान वाकडी करून बसतो. ठोकळा चौकोनी असतानाच लेथच्या फोर-जॉ चकमध्ये (चार जबड्यांच्या पकडीत) धरून २०.४ मि.मी. व्यासाचं आणि ३१ खोलीचं भोक घ्या. बुश थिनरनं पुसा, पुसल्यावर नर्लिंगला बोट लावू नका. साधं, हळू वाळणारं अरल्डाइट वापरा. पाच मिनिटांतलं नको, ते नीट पसरायच्या आत घट्ट होतं. दोन्ही ट्यूबमधून सारख्या लांबीची रेघ काढून पुठ्ठ्यावर घोटा, भोकाच्या भिंतीला आणि बुशला दोन्हीकडे फासा आणि बुश फिरवत फिरवत आत दाबा. चिरेतून अरल्डाइट वर आलं म्हणजे भोक भरलं. आट्यांच्या तोंडात ग्रीस लावलेला बोल्ट घालून ठेवा आणि चोवीस तास हात लावू नका.

मग त्याच आट्यांचा एक बोल्ट डोकं कापून बुशमध्ये घालायचा, चेकनटनं आवळायचा आणि त्या बोल्टला लेथच्या चकमध्ये धरायचं. वरून सेंटरचा टेकू. आता लाकूड आट्यांच्याच अक्षावर फिरतं, त्यामुळे जो आकार उतरेल तो दांड्याशी बरोबर मध्यावर येणारच. लोखंडाच्या लेथवर लाकूड फिरवायला मिस्त्री नाखूश असतात आणि त्यात तथ्य आहे: भुसा बेडवरचं तेल शोषून घेतो आणि गंज धरतो. बेडवर कागद अंथरा, काम झाल्यावर स्वतः ब्रश घेऊन साफ करून तेलाचं फडकं फिरवा. मी तसं केलं, म्हणून पुढच्या वेळी ‘नाही’ ऐकावं लागलं नाही.

लेथ नसेल तर तोच बोल्ट घट्ट बसवलेल्या ड्रिल मशीनमध्ये धरून आधी रंधा आणि करवतीनं अष्टकोनी केलेला ठोकळा कानशीनं गोल करता येतो. वेळ लागतो, पण होतं. फिरत्या कामाजवळ हातमोजे, सैल बाही, गळ्यातला रुमाल काही नको. तोंडाला मास्क हवा.

पॉलिश पेपर ८० पासून ४०० पर्यंत क्रमानं. २४० नंतर एकदा ओलं फडकं फिरवून वाळू द्या, तंतू उभे राहतात. ते कापून घेतले की नंतर घामानं नॉब खरखरीत होत नाही.

पॉलिश आणि नकाशा

चपड्याचं पॉलिश दिसायला देखणं, पण पाण्यानं पांढरं पडतं आणि सॅनिटायझरनं विरघळतं. आमच्यासारखे गुळाचे हात असतील तर नॉब रोज ओल्या फडक्यानं पुसावा लागतो. मी मॅट पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) तीन हात दिले. पहिला पातळ करून, प्रत्येकात एक दिवस सोडून, मध्ये ४०० चा पेपर हलक्या हातानं. ज्यांना लाकडाचा स्पर्शच हवा त्यांनी रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड जवसाचं तेल लावावं. फक्त ती तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

नकाशा हवाच. आपल्याला गाडी तोंडपाठ असते, पण एखाद्या दिवशी भाऊ किंवा शेजारचा ड्रायव्हर गाडी नेतो आणि रिव्हर्स कुठे हे त्याला ठाऊक नसतं. १ मि.मी. पितळी पत्र्याची २५ मि.मी.ची चकती कापून घेतली आणि भांड्याच्या दुकानाबाहेर भांड्यांवर नावं घालून देतात त्यांच्याकडे नेली. त्यांनी मशीननं पाच आकडे आणि आर कोरून दिला. आकडे कसे येतात ते जुन्या नॉबवरून आणि प्रत्यक्ष गिअर टाकून, दोन्हीकडून ताडून मग कागदावर लिहून द्या. माथ्यावर चकतीपुरता १ मि.मी. खळगा लेथवरच काढून ठेवलेला असला की चकती सपाट बसते. तिची कड तळहाताला लागता कामा नये.

बसवणं

दांड्यावर आधी चेकनट शक्य तितका खाली घ्या. आट्यांवर निळ्या, मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकचा (आटे ढिले होऊ न देणाऱ्या द्रवाचा) एक थेंब. लाल घेऊ नका, पुढे काढताना लाकडाला उष्णता द्यावी लागेल. नॉब हातानं पूर्ण आत जाईपर्यंत फिरवा, मग नकाशा ड्रायव्हरकडे सरळ येईपर्यंत फार तर एक फेरा मागे घ्या. एका हातानं नॉब धरून चेकनट वर आणून पितळी कडेवर आवळा. पान्याचा जोर नॉबवर येऊ देऊ नका.

इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. पहिल्यात आणि तिसऱ्यात डॅशबोर्डशी, दुसऱ्यात आणि रिव्हर्समध्ये सीटशी आणि मधल्या माणसाच्या गुडघ्याशी बोटभर जागा राहते का? पाचव्यात हँडब्रेकला लागत नाही ना? मग दिवसभर रिकामी गाडी गावात फिरवा, माल त्यानंतर. पहिल्या आठवड्यानंतर आणि पुन्हा महिन्यानं नॉब दोन बोटांत धरून उलट दिशेनं फिरवून बघा. हलला तर चेकनट पुन्हा आवळा. लाकूड आणि पितळी कड यांच्यामध्ये केसाएवढी फट दिसली तर ती पातळ अरल्डाइटनं लगेच भरा, नाहीतर पावसाळ्यात तिथून ओल शिरते.

जुना नॉब शाबूत निघाला असेल तर तो आणि नमुन्याचा नट टूलबॉक्समध्ये ठेवा. आमच्या नटाला मी तांबडा दोरा बांधून त्यावर कागदाची चिठ्ठी लावली आहे: १०, दीड.